जुना सी प्रोग्राम नव्या लिनक्सवर : टाइपच्या एरर कशा सोडवाव्यात

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत, नाही तर शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्राम अजून निमूटपणे चालू असलेला सापडतो. तो लिहिणारा माणूस केव्हाच पुण्याला गेलेला असतो, सोर्स कोड सुदैवाने कुठल्या तरी फोल्डरमध्ये शिल्लक असतो, आणि जुना संगणक बदलायची वेळ आली की तो कोड नव्या यंत्रणेवर पुन्हा कंपाइल करण्याचे, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणण्याचे, काम कोणाच्या तरी गळ्यात पडते. डेबियन १२ या लिनक्सवर हा कोड पानभर वॉर्निंग देत का होईना, पण कंपाइल होत होता. डेबियन १३ वर मात्र एकही अक्षर न बदलता तोच कोड एररवर अडतो.

याचे कारण कंपायलरच्या आवृत्तीत आहे. डेबियन १२ मध्ये जीसीसी या सी कंपायलरची १२ वी आवृत्ती होती, डेबियन १३ मध्ये १४ वी आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या या चौदाव्या आवृत्तीने, पूर्वी ज्यांवर केवळ वॉर्निंग मिळत असे अशा काही चुकांना एररचा दर्जा दिला : डिक्लरेशनशिवाय (फंक्शन काय घेते आणि काय परत करते ते आधी न सांगता) फंक्शन वापरणे, टाइप (किंमत कोणत्या प्रकारची आहे ते) न लिहिता तो इंट, म्हणजे पूर्णांक, आहे असे गृहीत धरणे, पूर्णांक आणि पॉइंटर (मेमरीतील पत्ता) एकमेकांच्या जागी ठेवणे, एका प्रकारचा पॉइंटर दुसऱ्या प्रकारच्या पॉइंटरला देणे, आणि किंमत परत करायच्या फंक्शनात रिकामे रिटर्न किंवा काहीच परत न करणाऱ्या फंक्शनात किंमतीसह रिटर्न लिहिणे. यांपैकी पहिल्या दोन सवयी १९९९ च्या सी मानकानेच काढून टाकल्या होत्या; कंपायलरने पुढची पंचवीस वर्षे त्या खपवून घेतल्या एवढेच. क्लँग कंपायलरने याच दिशेने पाऊल थोडे आधी, २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपर्यंत, टाकले होते. म्हणजे या एरर नव्या यंत्रणेने निर्माण केलेल्या नाहीत, त्या कोडमध्ये पहिल्यापासून होत्या. म्हणूनच एरर दिसली की कास्ट घालून (एका टाइपची किंमत दुसऱ्या टाइपची मानावी असे कंपायलरला सांगून) तिला गप्प करणे हा सगळ्यांत महागात पडणारा उपाय आहे. टाइपच्या प्रत्येक एररमध्ये कोडच्या दोन जागांनी एकाच गोष्टीविषयी दोन वेगळी गृहीतके धरलेली असतात. त्यांतील खरे कोणते हे शोधून दुसरी जागा दुरुस्त करणे, एवढेच खरे काम असते.

पुढील विवेचनासाठी उसाच्या वजनकाट्याचा एक नमुना प्रोग्राम डोळ्यांसमोर ठेवला आहे : तो काट्याकडून वजन घेतो, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनांवरून निव्वळ वजन काढतो, सभासद क्रमांकासह नोंद फाइलीत ठेवतो आणि पावती छापतो. कोडमधील शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. फाइलीत ते अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहायचे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : गाळप हंगाम सुरू झाल्यावर काट्याच्या संगणकाला कोणी हात लावू देत नाही, तेव्हा हे काम पावसाळ्यातच उरकावे.

हात लावण्याआधी

जुन्या संगणकावरील चालू प्रोग्राम, त्याच्या डेटा फाइली आणि त्या फाइलींवरून त्याने छापलेल्या पावत्या किंवा अहवाल यांची प्रत आधी बाजूला ठेवावी, कारण शेवटी नवा प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे त्यांच्यावरूनच ठरणार आहे. सोर्स कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकून पहिली नोंद मूळ स्थितीची करावी, आणि पुढे एका प्रकारच्या दुरुस्तीला एक नोंद अशी शिस्त ठेवावी. हेडर (डिक्लरेशनांची सामाईक फाइल) जोडण्याचे बदल आणि रचनेचे बदल एकाच नोंदीत मिसळले, तर दोन आठवड्यांनी काहीतरी बिघडले की कशामुळे बिघडले ते शोधणे अशक्य होते.

त्यानंतर कंपायलरला ‘-एफपरमिसिव्ह’ हा पर्याय देऊन सगळा कोड एकदा कंपाइल करावा. या पर्यायाने वर सांगितलेल्या एरर पुन्हा वॉर्निंग होतात आणि काम कुठवर आहे याचा अंदाज एका दमात येतो. ‘-एसटीडी=जीएनयू८९’ दिल्यासही हाच परिणाम होतो, कारण त्या जुन्या मानकात ही सवलत आपोआप चालू असते; पण त्यात फॉर लूपच्या कंसात व्हेरिएबल डिक्लेअर करता येत नाही आणि इनलाइन फंक्शनांचे नियमही बदलतात. बहुतेक जुन्या कोडमध्ये कोणी ना कोणी नंतर भर घातलेली असते, त्यामुळे पहिला पर्याय अधिक सोयीचा. मात्र हे दोन्ही पर्याय मोजमापापुरते आहेत. ते मेकफाइलमध्ये (कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलीत) कायमचे ठेवले, तर काम झाले असे वाटते आणि झालेले काहीच नसते.

मेकफाइल चालवणाऱ्या मेकला ‘-के’ पर्याय दिला की एका फाइलीत एरर आली तरी ते पुढच्या फाइलींकडे जाते. सगळा मजकूर एका लॉग फाइलीत घ्यावा. प्रत्येक संदेशाच्या शेवटी चौकोनी कंसात त्या वॉर्निंगचे नाव असते. त्या नावांनुसार ओळी वेगळ्या केल्या म्हणजे भीती वाटण्याजोग्या शेकडो ओळी चार-पाच गटांत बसतात.

पहिला गट : डिक्लरेशन नसलेली फंक्शन

या गटापासून सुरुवात करावी, कारण पुढच्या गटांतील कित्येक एरर यातूनच जन्मलेल्या असतात. लायब्ररीच्या फंक्शनांसाठी कोणते हेडर हवे हे बऱ्याचदा कंपायलर स्वतःच सुचवतो. स्ट्रिंगच्या फंक्शनांना स्ट्रिंग.एच, मेमरी मागणे आणि एक्झिट यांसाठी एसटीडीलिब.एच, रीड-राइट-क्लोज यांसाठी युनिएसटीडी.एच. हेडर जोडूनही एरर हटली नाही, तर मेकफाइलमध्ये ‘-एसटीडी=सी११’ असे कडक मानक लिहिलेले आहे का ते पाहावे. कडक मानकात पीओपन किंवा फाइलनो यांसारखी पॉसिक्सची (युनिक्स-लिनक्सच्या सामाईक मानकाची) फंक्शन हेडरमध्ये असूनही झाकलेली राहतात. तेथे सी११ ऐवजी जीएनयू११ लिहावे, अथवा ती उघडी करणारा योग्य फीचर मॅक्रो पहिल्या हेडरच्याही आधी डिफाइन करावा. तो हेडरनंतर लिहिला तर काही उपयोग नाही.

स्वतःच्या फंक्शनांच्या बाबतीत प्रकरण अधिक गंभीर असते. समजा, गाडी क्रमांकावरून गाडीच्या नोंदीचा पॉइंटर देणारे ‘गाडी_शोध’ हे फंक्शन एका फाइलीत आहे आणि दुसरी फाइल ते डिक्लरेशनशिवाय वापरते. दुसऱ्या फाइलीच्या दृष्टीने ते इंट परत करते. ६४ बिटच्या लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा, त्यामुळे परत आलेल्या पत्त्याचे वरचे ३२ बिट कापले जातात. तरीही हा प्रोग्राम पूर्वी ६४ बिटवर चालत होता, असे कोणी सांगितले तर ते खोटे असेलच असे नाही. पूर्वी प्रोग्राम मेमरीत खालच्या, ४ जीबीच्या आतल्या पत्त्यांवर बसत असे, म्हणून कापले जाणारे बिट शून्यच असत. सुरक्षेसाठी प्रोग्रामचा पत्ता दर वेळी बदलण्याची पद्धत डेबियनने २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून सर्वसाधारण केली, पत्ते खूप वर गेले आणि तोच कोड सेगमेंटेशन फॉल्टने कोसळू लागला. अशा ठिकाणी ‘गाडी_शोध’ समोर पॉइंटरची कास्ट घातलेली असेल, तर पॉइंटरच्या जागी इंट आल्याची एरर येत नाही, केवळ आकार जुळत नसल्याची वॉर्निंग येते. कास्ट काढावी, डिक्लरेशन एका सामाईक हेडरमध्ये लिहावे, आणि ते हेडर वापरणाऱ्या फाइलींत तर घ्यावेच, पण जेथे फंक्शन लिहिले आहे त्या फाइलीतही घ्यावे. हे शेवटचे वाक्य बहुतेक जण पाळत नाहीत. व्याख्येच्या फाइलीत हेडर नसेल, तर हेडर एक सांगते आणि फंक्शन दुसरे करते, आणि हे कंपायलरला कळायला मार्गच राहत नाही.

हेडर जोडल्यावर काही ठिकाणी ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ अशी नवी एरर येईल. तिची कारणे साधारण दोन. एक म्हणजे जुन्या लेखकाने फाइलीच्या डोक्यावर ‘कॅर *मॅलॉक();’ अशा ओळी स्वतः लिहून ठेवलेल्या असतात; त्या सरळ पुसाव्यात. दुसरे म्हणजे त्याने स्वतःच्या फंक्शनला दिलेले नाव नंतर लायब्ररीने घेतलेले असते. एक ओळ वाचणारे स्वतःचे ‘गेटलाइन’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ‘स्ट्रएलकॉपी’ हे फंक्शनही जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीमध्ये २०२३ च्या २.३८ आवृत्तीत आले, त्यामुळे ज्यांनी ते स्वतः लिहिले होते त्यांचीही गाठ याच एररशी पडते. आपल्या फंक्शनाचे नाव बदलावे, वाद घालू नये.

ओळ वाचणारे ‘गेट्स’ हे जुने फंक्शन दिसले तर तेही या गटातच येईल, कारण २०११ च्या मानकाने ते भाषेतून काढून टाकले. त्याच्या जागी एफगेट्स घेताना लक्षात ठेवावे की ते ओळीअखेरचे अक्षर स्ट्रिंगमध्येच ठेवते; ते काढले नाही तर गाडी क्रमांकाची तुलना कधीच जुळणार नाही.

जुन्या धाटणीची फंक्शन आणि फंक्शनचे पॉइंटर

ऐंशीच्या दशकातील पद्धतीने, म्हणजे कंसात केवळ नावे आणि कंसाबाहेर त्यांचे टाइप असे लिहिलेले फंक्शन आधुनिक रूपात आणणे हे वरवर टंकलेखनाचे काम दिसते. सीप्रोटो नावाचे साधन ते बरेचसे आपोआप करूनही देते. पण एक खाच आहे. ‘रक्कम(वजन, दर)’ या फंक्शनात दर फ्लोट (लहान दशांश टाइप; डबल हा मोठा) असेल, तर जुन्या धाटणीत बोलावणारी बाजू तो डबल करून पाठवते आणि फंक्शनही डबलच स्वीकारते. फंक्शन नव्या धाटणीत लिहिले की ते खरोखरीचा फ्लोट मागू लागते. एखाद्या फाइलीला हे नवे डिक्लरेशन दिसले नाही, तर ती अजूनही डबलच पाठवते, आणि पावतीवर भलतीच रक्कम उमटते. म्हणून हे बदल हेडरचे काम पूर्ण झाल्यावरच करावेत. आणि शक्यतो अशा ठिकाणी फ्लोटचा डबल करून टाकावा, आज त्यात वाचवण्यासारखे काही उरलेले नाही.

कंसात काहीच न लिहिण्याच्या सवयीकडेही आताच पाहून घ्यावे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ने मानक न सांगितल्यास २०२३ चे मानक धरायला सुरुवात केली, आणि त्यात रिकामा कंस म्हणजे ‘काहीच घेत नाही’ असा अर्थ आहे. पूर्वी त्याचा अर्थ ‘काय घेते ते सांगितलेले नाही’ असा होता. सिग्नल हाताळणारे फंक्शन ‘व्हॉइड थांब()’ असे लिहिलेले असेल तर ते एक इंट घेते असे स्पष्ट लिहावे लागते.

क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनची एरर जवळजवळ प्रत्येक जुन्या प्रोग्राममध्ये असते. तुलना करणारे फंक्शन ‘इंट तुलना(स्ट्रक्ट नोंद *अ, स्ट्रक्ट नोंद *ब)’ असे लिहिलेले असते, आणि क्यूसॉर्टला मात्र ‘कॉन्स्ट व्हॉइड *’ घेणारे फंक्शन हवे असते. क्यूसॉर्टच्या ओळीत कास्ट घातली की एरर जाते, म्हणून नेटवर बहुधा तोच सल्ला मिळतो. तसे न करता फंक्शनाचीच ओळ ‘इंट तुलना(कॉन्स्ट व्हॉइड *प, कॉन्स्ट व्हॉइड *फ)’ अशी बदलावी आणि आत पहिल्या दोन ओळींत त्यांना नोंदीचे पॉइंटर करून घ्यावे. तेथे हात लागलाच आहे तर खालची रिटर्नची ओळही वाचावी : दोन लाँग वजनांची वजाबाकी इंट म्हणून परत केलेली असेल, तर त्याऐवजी लहान-मोठेपणाची साधी तुलना लिहावी.

पॉइंटर आणि पूर्णांक यांची सरमिसळ

यातील काही एरर निव्वळ लिखाणाच्या असतात. स्ट्रिंगच्या शेवटी शून्य अक्षर ठेवण्याऐवजी नल लिहिलेले असते. पूर्वी अनेक कंपायलरांत नल म्हणजे साधे शून्य असल्यामुळे ते चालून गेले. इंट परत करणाऱ्या फंक्शनात ‘रिटर्न नल’ असते. हे पटापट दुरुस्त होते. परंतु पॉइंटर खरोखरच इंटमध्ये साठवून ठेवलेला असेल, तर तेथे थांबावे. शक्य असल्यास त्या जागेचा टाइपच पॉइंटर करावा. पूर्णांकच हवा असेल तर एसटीडीइंट.एच मधील इंटपीटीआर_टी वापरावा. लाँग वापरूनही लिनक्सवर भागते, पण ६४ बिटच्या विंडोजवर लाँग ४ बाइटचाच असतो.

स्वतःचा ‘बूल’ टाइप तयार करून ठेवलेला कोड जीसीसी १५ वर अडतो, कारण बूल, ट्रू आणि फॉल्स हे आता भाषेचेच शब्द झाले आहेत. ती ओळ काढून टाकली की एरर जाते. मात्र पूर्वीचा बूल इंट होता आणि आताचा १ बाइटचा आहे. तो फाइलीत लिहिल्या जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये (अनेक फील्डांच्या नोंदीत) असेल तर त्याच्यापुढची सगळी फील्ड सरकतात, आणि याबद्दल कंपायलर अवाक्षर काढत नाही.

जेथे एरर येत नाही, पण हिशेब बिघडतो

कोडचे मूळ डॉसवरच्या टर्बो सीमध्ये असेल, तर खरा धोका डेटा फाइलीत असतो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि पॉलिटेक्निकांनी टर्बो सीवर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, त्यामुळे असा कोड आपल्याकडे भरपूर आहे. तेथे इंट २ बाइटचा आणि लाँग ४ बाइटचा होता. आपल्या नमुन्यातील नोंदीत सभासद क्रमांक इंट, भरलेले आणि रिकामे वजन असे दोन लाँग, आणि गाडी क्रमांकासाठी ११ अक्षरे आहेत असे धरू. टर्बो सी ही फील्ड सर्वसाधारणपणे एकमेकांना खेटून ठेवत असे : २, ४, ४ आणि ११ मिळून २१ बाइट. तेच स्ट्रक्चर ६४ बिटच्या लिनक्सवर ४० बाइटचे होते, कारण इंट ४ चा, लाँग ८ चे, आणि मध्ये व शेवटी कंपायलर रिकामी जागा सोडतो. टाइप बदलून इंट१६_टी आणि इंट३२_टी केले तरीही आकार २४ येतो, २१ नाही. म्हणजे टाइप अचूक करूनही जुनी फाइल एफरीडने सरळ वाचली, तर पहिल्याच नोंदीपासून वजने चुकतात.

याचा खात्रीचा मार्ग म्हणजे २१ बाइट एका अनसाइन्ड कॅरच्या अॅरेत वाचावेत आणि प्रत्येक फील्ड त्यातून हाताने, कमी किमतीचा बाइट आधी या क्रमाने, जुळवावे. स्ट्रक्चरला पॅक्ड हा गुणधर्म लावूनही काम होते. तसे केल्यास आकार २१ च आहे हे तपासणारा स्टॅटिक असर्ट त्याच्या खालीच लिहावा, म्हणजे उद्या कोणी फील्ड वाढवले तर कंपाइल होतानाच अडेल. त्याआधी एक सोपी चाचणी करावी : जुन्या फाइलीच्या आकाराला २१ ने निःशेष भाग जातो का ते पाहावे. जात नसेल, तर फाइलीच्या सुरुवातीला वेगळा हेडर आहे किंवा रचनेविषयीचा आपला समजच चुकीचा आहे.

सोळा बिटच्या गृहीतकांचे आणखी दोन अवशेष शोधून काढावेत. काट्याच्या सीरियल संदेशाचा चेकसम अनसाइन्ड इंटमध्ये बेरीज करून काढलेला असेल, तर पूर्वी तो ६५५३५ नंतर आपोआप शून्यावर येत असे. आता येत नाही, म्हणून तेथे युइंट१६_टी हवा. आणि उणे एकची तुलना सोळा बिटांच्या सर्व-एक अशा हेक्स संख्येशी केलेली असेल, तर ती पूर्वी खरी ठरत असे, आता कधीच ठरणार नाही. फार पॉइंटर, आउटपोर्टबी, कोनिओ यांसारखे डॉसचे भाग मात्र दुरुस्त करत बसू नये. ते वेगळ्या फाइलीत काढून लिनक्सच्या टर्मिओसवर (सीरियल व टर्मिनल हाताळणाऱ्या सोयीवर) नव्याने लिहिणे लवकर होते.

नवा संगणक रास्पबेरी पायसारखा आर्म बोर्ड असेल, तर तेथील लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड असतो. गेटसीची किंमत कॅरमध्ये घेऊन तिची ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) तुलना करणारा लूप तेथे कधीच संपत नाही. तो व्हेरिएबल इंट करावा.

कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि लिंकर

कोडसोबत कॉन्फिगर स्क्रिप्ट असेल, तर तिच्याकडे संशयाने पाहावे. ती छोटे चाचणी प्रोग्राम कंपाइल करून यंत्रणेत काय आहे ते ठरवते. हे चाचणी प्रोग्रामही जुन्या सवयींनी लिहिलेले असतात आणि नव्या कंपायलरवर भलत्याच कारणाने नापास होतात. स्क्रिप्ट मग शांतपणे ‘ही सोय उपलब्ध नाही’ अशी नोंद करते आणि पुढे जाते. एकदा ‘-एफपरमिसिव्ह’सह आणि एकदा त्याशिवाय कॉन्फिगर चालवून दोन्ही वेळच्या कॉन्फिग.एच फाइलींची तुलना करावी. फरक निघाला तर ऑटोरीकॉन्फने स्क्रिप्ट नव्याने तयार करावी.

कंपाइल झाल्यावर लिंकरने (कंपाइल झालेल्या फाइली जोडणाऱ्या साधनाने) ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हटले, तर हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल एक्सटर्नशिवाय लिहिलेला असतो. २०२० च्या जीसीसी १० पासून हे चालत नाही. हेडरमध्ये एक्सटर्न लिहून व्याख्या एकाच फाइलीत ठेवावी. एकच ग्लोबल एका फाइलीत इंट आणि दुसरीत लाँग असेल, तर साधा लिंकर ते ओळखत नाही. ‘-एफएलटीओ’ देऊन एकदा लिंक केल्यास अशा जोड्या वॉर्निंगमध्ये दिसतात.

पडताळणी

सगळे गट संपले की परमिसिव्ह पर्याय मेकफाइलमधून काढावा, त्याच्या जागी ‘-डब्ल्यूऑल’, ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ आणि ‘-डब्ल्यूस्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स’ घालावेत, आणि तपासणीपुरते अॅड्रेस व अनडिफाइन्ड हे दोन सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणाऱ्या सोयी) चालू करून प्रोग्राम जुन्या डेटावर चालवावा. मागील हंगामातील भरपूर गाड्या आलेल्या एका दिवसाची फाइल घेऊन नव्या प्रोग्रामच्या पावत्या मजकूर फाइलीत काढाव्यात आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या पावत्यांशी डिफने ताडून पाहाव्यात.

वजने तंतोतंत जुळलीच पाहिजेत. तेथे एका किलोचा फरकही दुर्लक्षित करू नये. रकमेत मात्र क्वचित एका पैशाचा फरक दिसू शकतो आणि तो टाइपच्या चुकीमुळे असतोच असे नाही. ३२ बिटच्या जुन्या प्रोग्राममध्ये दशांश आकडेमोड प्रोसेसरच्या ८० बिटच्या रजिस्टरांत होत असे, ६४ बिटवर ती ६४ बिटच्या डबलमध्ये होते, आणि बरोबर अर्ध्या पैशावर आलेली रक्कम एकीकडे वर तर दुसरीकडे खाली जाते. रक्कम पैशांत, पूर्णांक इंट६४_टी मध्ये काढली आणि पूर्णांकन कोठे करायचे हे कोडमध्ये एकाच ठिकाणी लिहिले, तर हा प्रश्न कायमचा मिटतो. पण पूर्णांकनाचा नियम कोणता धरायचा हे प्रोग्रामरने स्वतःच्या मनाने ठरवू नये. फरक आलेल्या पावत्यांची यादी काढून ती लेखा विभागाकडे द्यावी आणि त्यांचे उत्तर लेखी घेऊनच तो नियम कोडमध्ये घालावा.